न पेटलेल्या भट्ट्या

आमच्या नगराच्या वेढ्याची कथा येथील प्रत्येक मूल अक्षरओळखीच्या आधी ऐकते. सातशे वर्षांपूर्वी शत्रूची सेना नदीच्या पलीकडच्या काठावर तेहेतीस दिवस तळ ठोकून बसली होती. चौतिसाव्या पहाटे वृद्ध राजाला स्वप्न पडले. दिवंगत पित्याने त्यात दर्शन देऊन 'दार उघड' असे सांगितले. राजा जागा झाला, त्याने नगराचे दार उघडले आणि मूठभर स्वारांनिशी असा छापा घातला की ती प्रचंड सेना पाचोळ्यासारखी उधळली गेली. मुख्य चौकात त्या राजाचा अश्वारूढ पुतळा आहे. राजाचे डोळे मिटलेले आहेत. स्वप्न पाहणारा मनुष्य घोड्यावर बसवणे शिल्पकाराला जड गेले असावे, कारण घोडाही काहीसा झोपेत दिसतो.

या कथेला लेखी आधार एकच. वेढ्याच्या दिवसांत तटावर बसून एका लेखनिकाने रोज जे दिसले-ऐकले ते टिपून ठेवले होते. त्या दैनंदिनीची मुद्रित आवृत्ती मी सिद्ध केली, तिला टीपा जोडल्या, आणि गेली तीस-बत्तीस वर्षे वेढ्याविषयी वाद उद्भवला की लोक माझ्या दाराशी येतात. या मानाची मला सवय झाली होती, हे आरंभीच कबूल करतो.

ज्या कादंबरीकर्तीची ही हकिगत आहे, ती माझी जुनी विद्यार्थिनी. जुन्या कथा आणि जुना इतिहास ती स्त्रियांच्या डोळ्यांनी पुन्हा सांगते. पहिल्या कादंबरीत तिने एका राजघराण्याचा वारसाहक्काचा तंटा सुईणीच्या तोंडून सांगितला. दुसरीत एक प्रसिद्ध तह मुदपाकखान्यातल्या स्त्रीने पाहिला. एका समीक्षकाने त्यावर 'चुलीवर शिजलेला इतिहास' असा शेरा मारला. ते कात्रण तिने आपल्या लेखनाच्या मेजासमोर चिकटवून ठेवले आहे. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "शिजलेला म्हणाले ना, सर. कच्चा नाही म्हणाले."

तिसरी कादंबरी वेढ्याची होती. राणी आणि राजगृहाची धुणी धुणाऱ्या स्त्रिया तिच्या केंद्रस्थानी होत्या. पहिली दहा प्रकरणे प्रकाशकाने विनातक्रार वाचली. अकराव्याला तो अडला. त्या प्रकरणात राजाला स्वप्न पडतच नाही. शत्रूच्या तळावर सरदार आपसांत भिडले आहेत, ही वार्ता धुणाऱ्या स्त्रिया राणीपर्यंत आणतात आणि दार उघडण्याचा क्षण राणी ठरवते.

"पुतळ्यासमोरून रोज ये-जा करणारे माझे वाचक आहेत," प्रकाशक तिला म्हणाला. "सरांनी 'असं घडणं शक्य आहे' एवढं लिहून दिलं, तर छापतो. नाहीतर अकरावं काढा आणि स्वप्न परत घाला. पुढच्या सोमवारी मला उत्तर हवं."

ते प्रकरण गेले असते तर राणी उरलेल्या पुस्तकात खिडकीशी उभी राहून वाट पाहणारी बाई झाली असती. चार वर्षांच्या श्रमाचा कणाच निघाला असता. हस्तलिखित माझ्या हाती देताना ती हे बोलली नाही. मला ते तिच्या उभे राहण्यावरून कळले.

बारीक अक्षर आता माझ्या डोळ्यांना सोसत नाही. सहधर्मचारिणीने दुपारी ते प्रकरण मला वाचून दाखवले. त्यात नगरातील एक धुणारी स्त्री होडीतून पलीकडे जाते, शत्रूकडच्या धुणे धुणाऱ्या बायकांत मिसळते, सेनापतीचे रक्ताने माखलेले अंगरखे उकळत्या भट्टीत टाकते आणि रक्त कोणाचे ते तिला उमगते. भट्टीचे वर्णन तर असे उतरले होते की ऐकताना कपाळावर वाफ जाणवली.

"सुरेख आहे," मी म्हणालो. "पण कोणी स्त्री नदी ओलांडून गेल्याची नोंद नाही."

"नोंद करणारा तटावर बसला होता ना?" पत्नी म्हणाली. "खाली बायका काय करताहेत ते त्याला काय दिसणार? तुम्हाला या खुर्चीतून मोरीत काय चाललंय ते दिसतं का?"

"दिसत नाही म्हणूनच त्यावर मी टीप लिहीत नाही."

"हो, आणि धुणंही धूत नाही."

सायंकाळी कादंबरीकर्ती आली. मी तिला माझा नकार शक्य तितक्या मृदू शब्दांत सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला.

"सर, शनिवारी माझ्यासोबत लाँड्रीत याल? प्रकरण कोणाच्या कामावर लिहिलं असेल, त्या कामातल्या बाईला ते वाचून दाखवल्याशिवाय मी पक्कं करत नाही. सुईणीनं माझी आठ पानं रद्द केली होती. तिथं हे उतरलं नाही, तर तुम्ही नकार द्यायची गरज नाही. मीच काढून टाकीन."

पंडिताच्या आधी काम करणाऱ्या बाईकडे जाणारी ही तिची रीत मला ठाऊक नव्हती. पत्नीने माझ्या वतीने होकार देऊन टाकला.

लाँड्री दोन गल्ल्या पलीकडे, एका लांबट खोलीत होती. दाराशी गठ्ठे घेण्याची फळी. आत डाव्या बाजूला भिजवणाचे तीन हौद, उजवीकडे जाड पांघरूण घातलेली इस्त्रीची दोन मेजे, आणि मागच्या भिंतीशी वाफेची टाकी, जिला तेथे अजूनही भट्टीच म्हणत. प्रत्येक कपड्याच्या काठाला आकड्याची चिंधी टाचलेली. खळीचा आणि साबणाचा मिश्र वास. मालकीण साठीच्या पुढची होती. तिला सारी पेठ 'कडक मावशी' म्हणे. हे नाव खळीवरून पडले की जिभेवरून, याविषयी पेठेत दोन पक्ष होते.

"या मास्तर, बसा," तिने मला एक स्टूल पुढे केले. "त्या गठ्ठ्याला टेकू नका, वकिलाचे आहेत. लगेच नोटीस येईल."

तिची सून इस्त्री फिरवत होती. तिने मान वर न करता विचारले, "लेखिकाबाई, आज किती पानं आहेत? नाही म्हणजे, चादरी कधी घ्यायच्या ते ठरवते."

"चौदा."

"मग दहा चादरी होतील."

कादंबरीकर्ती वाचू लागली. होडी पलीकडे लागली, स्त्री पलीकडच्या बायकांत मिसळली, भट्टी रटरटू लागली. मावशी एका शर्टाची कॉलर चोळत ऐकत होती. अंगरखे भट्टीत पडले तेव्हा तिचा हात थांबला.

"थांब गं. उकळत्या पाण्यात काय टाकलंस म्हणालीस?"

"अंगरखे. सेनापतीचे. रक्ताचे."

"आणि डाग गेले?"

"गेले."

"तुझ्या कादंबरीत गेले. माझ्याकडे गेले नसते." मावशीने शर्ट बाजूला ठेवला. "रक्ताला गरम पाणी लागलं की ते शिजतं बाई. धाग्यात घर करतं. मग कपडा फाटेल पण डाग फिटायचा नाही. रक्ताला थंड पाणी. पहिलं थंड, दुसरं थंड, तिसरंही थंड. हे काय लाँड्रीवालीनंच सांगायला पाहिजे? वयात आलेल्या पोरीला आई पहिल्या दिवशी सांगते."

कादंबरीकर्तीने कपाळावर हात मारला. "ठाऊक आहे हो मला. चांगलं ठाऊक आहे. पण भट्टीचं वर्णन इतकं छान जमलं होतं..."

"वर्णनापायी सेनापतीचे कपडे घालवलेस," सून म्हणाली.

कादंबरीकर्ती हसली, पण ते हसू ओठांवर फार वेळ टिकले नाही. प्रकरणाचा सारा भार त्या भट्टीवर होता. रक्त भट्टीत धुतले जात नसेल तर ती स्त्री तेथे काही शिकत नाही, काही आणत नाही, आणि राणीपाशी दार उघडण्याचे काही कारण उरत नाही. तिने पेन्सिल काढून पानावर आडवी रेघ ओढली, मग पुढच्या पानावर, मग त्याच्या पुढच्या. इस्त्रीचा आवाज तेवढा येत राहिला.

मला तिची करुणा आली. शिक्षकाला करुणा आली की तो संदर्भ देतो. दुसरे काही देण्याची त्याला सवय नसते. मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस. तशीही त्या दिवसांत भट्टी पेटलेलीच नव्हती. शेवटच्या तीन दिवसांची नोंद मला मुखोद्गत आहे. 'पलीकडच्या काठी धुणाऱ्या स्त्रिया आल्या. भट्ट्या पेटल्या नाहीत.' सलग तीन दिवस हेच वाक्य आहे. मी टीप दिली आहे की शत्रूचे सरपण संपले असावे."

"सरपण संपलं होतं?" मावशीने विचारले.

"तसे अनुमान आहे."

"मग तीन दिवस सैन्य जेवलं कशावर?"

त्या वाक्याच्या आधीचे वाक्यही मला मुखोद्गत होते. तेही तीन दिवस सलग आहे. मी ते मोठ्याने म्हणालो: "'तळावर स्वयंपाकाचा धूर नित्याप्रमाणे.'"

"म्हणजे सरपण होतं," मावशी म्हणाली.

"होते."

"बायका धुवायला आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"धुणं होतं, सरपण होतं, बायका होत्या, आणि भट्टी लावली नाही. तीन दिवस." मावशीने हात पदराला पुसले. "मास्तर, हे मला कोणी रस्त्यात विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. रक्ताचे कपडे होते. आणि पुष्कळ होते. दोन-चार असते तर ते बाजूला काढून बाकीच्यांना भट्टी लावली असती."

सुनेने इस्त्री उभी करून ठेवली.

कादंबरीकर्तीने हलक्या आवाजात मला विचारले, "सर, त्या तीन दिवसांत लढाई?"

"नाही. शेवटच्या आठ दिवसांत एक बाणही सुटला नव्हता. 'आज शांतता', असे रोज लिहिले आहे."

"मग रक्त कोणाचं?"

प्रश्नाचे उत्तर देण्याची आवश्यकता नव्हती. शत्रूने शत्रूचेच सांडलेले रक्त पलीकडच्या काठी तीन दिवस थंड पाण्यात धुतले जात होते, आणि तटावरचा प्रामाणिक लेखनिक त्याकडे पाहत 'भट्ट्या पेटल्या नाहीत' एवढेच लिहीत होता. त्याने अर्थ लावला नाही, हे त्याचे थोरपण. मी लावला.

"म्हणजे कोणी नदी ओलांडायलाच नको," कादंबरीकर्ती म्हणाली. ती आता उभी राहिली होती. "अलीकडच्या काठावर आपल्या बायका धूत होत्या. त्यांनी मान वर केली, समोर पाहिलं, आणि कळलं. होडी नको, वेषांतर नको. मावशी, मी उगाच त्या बाईला भिजवली."

"काढ तिला बाहेर आणि सुकव," मावशी म्हणाली, आणि पुन्हा कॉलर उचलली.

परतीच्या वाटेत माझ्या मनात दुसरेच काही घोळत होते. दैनंदिनीची आवृत्ती सिद्ध करताना ग्रंथविस्तार आवरण्यासाठी मी काही मजकूर वगळला होता. प्रस्तावनेत तसे म्हटलेही आहे: 'वस्त्रे, भोजन, भेटीगाठी इत्यादी निरर्थक गृहविषयक नोंदी गाळल्या आहेत.' मूळ पोथी मी स्वहस्ते वह्यांत उतरवून घेतली होती, आणि त्या वह्या घरीच होत्या.

पत्नीला सारे सांगितले. तिने प्रथम थंड पाण्याचा भाग पुन्हा सांगायला लावला.

"लग्नाला एवढी वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि हे तुम्हाला आज लाँड्रीत कळलं?"

"कोणी सांगितले नाही."

"विचारलं कधी होतं?"

मी शिडी धरली, ती वर चढली, आणि कपाटाच्या माथ्यावरून वह्यांचा गठ्ठा खाली आला. सहाव्या वहीत तेहेतिसावा दिवस सापडला. तिने वाचले. मुद्रित आवृत्तीत त्या दिवसाच्या तीन ओळी आहेत. वहीत चार होत्या. चौथी ओळ अशी:

'सायंकाळी राणीने धुणाऱ्या स्त्रियांना वस्त्रांविषयी बोलावले. दार लावून घेतले. पहाटेपूर्वी राणीने राजास उठवले.'

पत्नीने ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"काखेत कळसा," ती म्हणाली, पण पुढचे म्हणाली नाही. माझा चेहरा पाहून तिने शब्द आवरले असावेत. मग तिने एवढेच विचारले, "उठवलं. आणि आपण म्हणतो तो स्वप्नातून जागा झाला. आता काय करणार आहात?"

त्या रविवारी मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. ओळ गाळली हे सत्य होते, तिला निरर्थक म्हटले हेही. ज्या आवृत्तीच्या आधारावर मी लोकांच्या अनुमानांना नकार देत आलो, तीच अपुरी होती. ते मान्य करणे म्हणजे उतारवयात स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच शाई सांडणे. परंतु ज्या गुरूंपाशी मी पोथी वाचायला शिकलो त्यांनी पहिला धडा दिला होता की पोथीतले अक्षर हे ठेव असते. ठेव ज्याची त्याला परत करावी लागते. ही ओळ त्या स्त्रियांची होती.

सोमवारी कादंबरीकर्ती आणि मी प्रकाशकाकडे गेलो. मी वही त्याच्या मेजावर उघडून ठेवली. तो सावध मनुष्य आहे. त्याने लगेच दूरध्वनी करून ग्रंथसंग्रहालयात मूळ पोथीचे पान काढायला सांगितले आणि आम्हाला घेऊन तेथे गेला. पोथीच्या त्या पानावर चौथी ओळ स्वच्छ होती. शाई वरच्या तीन ओळींचीच, हातही तोच.

प्रकाशक पानावर वाकून राहिला. मग माझ्याकडे वळला.

"सर, हे छापलं तर लोक तुम्हाला विचारतील."

"विचारू देत. मी उत्तर देईन."

"तुमच्या नावाला बट्टा लागेल, म्हणून म्हणतो."

"नाव माझे आहे. ओळ माझी नव्हती," मी म्हणालो, आणि त्याच्याच लेखणीने लिहून दिले: असे घडणे शक्य आहे, इतकेच मी म्हणणार नाही, माझ्या आवृत्तीतून जी ओळ मी गाळली, ती असेच घडल्याकडे निर्देश करते.

कादंबरीकर्तीने तो कागद वाचला. तिने वाकून मला नमस्कार केला नाही, आभारही मानले नाहीत. म्हणाली, "सर, मला आठ दिवस लागतील. अकरावं पहिल्यापासून लिहायचंय." तिच्या आवाजात जी निश्चिंती होती, तशी मी तिच्या विद्यार्थिदशेत कधी ऐकली नव्हती.

पुस्तक बाहेर आले त्या दिवशी ग्रंथसंग्रहालयाच्या सभागृहात वाचन ठेवले होते. पुढच्या तीन रांगा संशोधक, अध्यापक आणि समीक्षक यांनी भरल्या होत्या. त्यांत 'चुलीवर शिजलेला' लिहिणारे गृहस्थही होते. माझ्या निवेदनाची बातमी फुटली असल्याने पुष्कळांना माझी फजिती पाहण्याची उत्सुकता होती, आणि ती मी त्यांना पुरवली. उभा राहून माझी चूक सांगितली, सरपणाची टीप मागे घेतली, गाळलेली ओळ मूळ भाषेत म्हटली आणि खाली बसलो. कोणीतरी खाकरले. माझ्या मागून एक सहकारी कुजबुजला, "अहो, पण भट्ट्या न पेटण्याचा अर्थ काय? सरपणच संपलं असणार."

मी वळून मागे पाहिले. मागे माणसे उभी होती. इस्पितळातल्या परिचारिका होत्या, शाळेतल्या बाया होत्या, कोणाच्या सुना, कोणाच्या आत्या, वसतिगृहातल्या मुली. दुकान बंद करून आलेली कडक मावशी सुनेसह भिंतीला टेकून उभी होती. माझी पत्नी तिच्या शेजारी, जणू दोघींची जन्माची ओळख.

कादंबरीकर्ती अकरावे प्रकरण वाचू लागली. भाषा पूर्वीपेक्षा साधी झाली होती. होडी नव्हती. नदीच्या अलीकडच्या काठावर एक म्हातारी राणीची उत्तरीये पिळत होती. तिच्या मागे नगर उपाशी होते. तिने पाठ सरळ करण्यासाठी मान वर केली आणि पलीकडे पाहिले. पलीकडच्या बायका पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या. त्यांच्या मागे लाकडांची रास होती, कपडे उकळण्याच्या मोठ्या काहिली होत्या, आणि एकाही काहिलीखाली जाळ नव्हता. कालही नव्हता. परवाही नव्हता.

येथे परिच्छेद संपत होता. अर्थ पुढच्या परिच्छेदात होता.

कादंबरीकर्तीने पान उलटण्यासाठी बोट लावले आणि तेवढ्यात मागून कोणीतरी, बहुधा वसतिगृहातल्या एका मुलीने, शेजारणीला म्हणावे तशा आवाजात म्हटले, "रक्त आहे."

"रक्तच," दुसरी म्हणाली. मग एका परिचारिकेने मान डोलावली, तिच्या शेजारच्या वृद्धेने "किती गं बाई" म्हटले, आणि तो शब्द मागच्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या आवाजात फिरत गेला. कोणालाही तो समजावून द्यावा लागला नाही. सातशे वर्षांपूर्वीची ती म्हातारी आणि या स्त्रिया एकाच क्षणी एकाच निष्कर्षापर्यंत पोहोचल्या होत्या.

पुढच्या तीन रांगांतील विद्वानांनी माना वळवून मागे पाहिले. आपल्याला काहीतरी कळायचे राहून गेले आहे, एवढे त्यांच्या लक्षात येत होते. माझ्या मागच्या सहकाऱ्याने मला विचारले, "कसलं रक्त? कुठे लिहिलंय?"

व्यासपीठावर कादंबरीकर्तीने पान तसेच धरून ठेवले होते. तिला घाई नव्हती. सभागृहाच्या मागच्या अर्ध्या भागाने तिचे प्रकरण तिच्या आधी वाचून संपवले होते, आणि ती डोळे भरून त्यांच्याकडे पाहत, पुढच्या रांगा तेथवर येण्याची वाट पाहत उभी होती.